मूल आळशी नसते, रक्त कमी असते

शाळेत नर्सबाई आल्या, की मुलांचा पहिला प्रश्न असतो, "सुई टोचणार का?" लस असते ती दहाव्या आणि सोळाव्या वर्षी. एरवी आमचे काम वजनकाटा, उंचीची पट्टी आणि चार प्रश्न यांवरच चालते.

मी शाळा तपासणी पथकात परिचारिका आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सन २०१३ मध्ये सुरू झाला. त्यानुसार डॉक्टर, औषधनिर्माता व परिचारिका यांचे पथक सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येते. मुलांची पापणी खाली ओढून मी आतला रंग पाहते आणि विचारते, "सकाळी काय खाल्लेस?" पुष्कळदा उत्तर येते, "चहा-बिस्कीट."

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते १९ वयाच्या दर शंभर मुलींपैकी ५९ मुलींना रक्तक्षय होता. मुलांत हे प्रमाण ३१ होते. वाढीच्या वयात शरीराला लोह जास्त लागते. मुलींचे लोह मासिक पाळीतून जाते, पोटातील जंतही ते खातात. त्यात जेवणाबरोबर चहा घेतला, तर अन्नातील लोह अंगी लागत नाही. असे मूल लवकर दमते, वर्गात पेंगते, मैदानावर बाजूला बसते. आपण त्याला आळशी म्हणून रागावतो!

यावर उपाय महाग नाही. मुलाला न्याहारी केल्याशिवाय शाळेत धाडू नये. डब्यात बाजरीची भाकरी, मटकी किंवा हरभऱ्याची उसळ, मेथी वा शेवग्याच्या पाल्याची भाजी द्यावी. वर लिंबू पिळावे, किंवा सोबत पेरूची फोड, आवळा द्यावा. त्यातील 'क' जीवनसत्त्वामुळे लोह चांगले शोषले जाते. चहा जेवणाच्या आधी व नंतर तासभर टाळावा.

शाळेत दर आठवड्याला लोहाची गोळी मिळते. लहान मुलांना गुलाबी, मोठ्यांना निळी. ती जेवणानंतर घ्यावी. शौचाला काळे झाले म्हणून काही पालक गोळी बंद करवतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. जंताची गोळीही चुकवू नये.

आता व्यायामाविषयी. ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी एक तास घाम येईल असे खेळावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यासाठी व्यायामशाळा नको. लंगडी, खो-खो, दोरीवरच्या उड्या पुरेत. हाडे याच वयात भरतात. म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे, की परीक्षा जवळ आली तरी खेळाचा तास गणिताला देऊ नका. आणि आयांनो, मुलगी मोठी झाली म्हणून तिचे मैदान बंद करू नका. मात्र फिकट, दमणाऱ्या मुलाला आधी डॉक्टरांना दाखवा, मग पळवा.

तपासणीनंतर मुलाच्या हाती पुढील उपचाराची चिठ्ठी दिली, तर ती दप्तरात राहू देऊ नका. मुलाला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. रक्ताची तपासणी तेथे होते. आमचे पथक पुन्हा येईल ते पुढच्या वर्षी. तोवर मुलाच्या ताटाकडे आणि पापणीकडे आपणच लक्ष द्यायचे आहे.