ढोल कोणाचा, सण कोणाचा?

अमेरिकेच्या दक्षिणेला मिसिसिपी नदीच्या काठी न्यू ऑर्लिन्स हे शहर आहे. जॅझ संगीत आणि मार्डी ग्रा हा सण यासाठी ते जगभर ओळखले जाते. मार्डी ग्रा म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होण्याच्या आदला दिवस. त्याची धामधूम ६ जानेवारीपासूनच सुरू होते. या दिवसांत तेथे जाणारा प्रवासी आधी बर्बन स्ट्रीट गाठतो. दारू, दिवे, गोंगाट. रथांवरून फेकलेल्या मण्यांच्या माळा गळ्यात घालायच्या, फोटो काढायचे आणि परत फिरायचे. शहर पाहिल्याचे समाधान त्याला मिळते. पण ज्यांनी या शहराला ताल दिला, ती माणसे त्याला भेटली का?

तेथून थोडे चालून रॅम्पार्ट स्ट्रीट ओलांडला की काँगो स्क्वेअर लागतो. फ्रेंच राजवटीतील १७२४ च्या गुलामविषयक कायद्याने रविवारी गुलामांकडून काम करून घेण्यास मनाई केली होती. मालकांच्या धर्मात तो दिवस पवित्र होता म्हणून! त्या एका दिवशी गुलाम बाजार भरवीत, चार पैसे मिळवीत, ढोल वाजवीत, नाचत. आठवड्याचे सहा दिवस मालमत्ता असलेला जीव सातव्या दिवशी माणूस होई. १८१७ साली नगरपालिकेने हुकूम काढला, की गुलामांनी जमायचे ते फक्त रविवारी, महापौर ठरवील त्याच जागी आणि सूर्यास्तापर्यंतच. दक्षिण कॅरोलिनात तर १७३९ च्या गुलामांच्या उठावानंतर ढोलांवरच कायद्याने बंदी आली होती. ढोलाने माणसे एकत्र येतात, हे सत्ताधाऱ्यांना नेमके कळले होते.

पुढे १८९३ मध्ये या जागेला गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या फौजेच्या एका सेनापतीचे नाव दिले गेले. लोक मात्र काँगो स्क्वेअरच म्हणत राहिले. नगर परिषदेने ते नाव अधिकृत केले २०११ साली!

सणाचीही हीच कथा. १८५७ पासून धनिक गोऱ्यांची गुप्त मंडळे मार्डी ग्राच्या मिरवणुका काढू लागली. त्यांच्या रथांवर उजेड पडावा म्हणून मशाली धरायला काळे हात चालत. सभासद म्हणून काळा माणूस चालत नसे. मग १९०९ मध्ये कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांनी ‘झुलू’ नावाने स्वतःची मिरवणूक काढली. त्यांच्या राजाच्या डोक्यावर चरबीच्या रिकाम्या डब्याचा मुकुट होता आणि हातात केळीच्या दांड्याचा राजदंड. गोऱ्यांच्या राजाची ती खिल्लीच होती. १९४९ मध्ये याच शहरात जन्मलेला थोर वादक लुई आर्मस्ट्राँग झुलूंचा राजा झाला. परंतु तोंडे रंगवून, गवताचे घागरे घालून आपण आपलीच थट्टा का करावी, हा प्रश्न १९६० च्या दशकात कृष्णवर्णीयांनीच विचारला. जागा झालेला समाज स्वतःलाही प्रश्न विचारतो. नंतर नगर परिषदेने वंशभेद करणाऱ्या मंडळांना मिरवणुकीचा परवाना नाकारणारा कायदा केला, तेव्हा सर्वांत जुन्या कोमस मंडळाने रस्ता सोडला, पण भेद सोडला नाही.

प्रवाशाने पाहावे ते रविवारी दुपारी, वस्त्यांमधून निघणाऱ्या ‘सेकंड लाइन’ मिरवणुकीत. पुढे मंडळ आणि बँड, मागे नाचणारी सारी वस्ती. या मंडळांचे मूळ परस्पर साहाय्यात आहे. विमा कंपन्या काळ्यांना दारात उभे करीत नव्हत्या, तेव्हा त्यांनी वर्गणी जमवून आजाऱ्याला औषध आणि मेलेल्याला सन्मानाची अंत्ययात्रा दिली. कबरीकडे जाताना संथ, शोकाचे सूर, परतताना नाचरे. तिकिटाशिवाय ऐकायला मिळणारे हे संगीत या वर्गणीतून जगले आहे.

त्यावरही घाव पडलेच. कृष्णवर्णीयांची बाजारपेठ आणि मार्डी ग्राचा अड्डा असलेल्या क्लेबॉर्न अव्हेन्यूवरील ओकची झाडे १९६६ मध्ये तोडून तेथे उंच महामार्ग उभारला गेला. मूलनिवासींच्या स्मरणार्थ मणी-पिसांचे पोशाख वर्षभर हाताने शिवणाऱ्या ‘मार्डी ग्रा इंडियन्स’चा मेळावा १९ मार्च २००५ च्या रात्री पोलिसांनी उधळला. त्याविषयी २७ जूनला नगर परिषदेपुढे बोलत असताना त्यांचे वयोवृद्ध प्रमुख टुटी मोंटाना कोसळले आणि मरण पावले. दोन महिन्यांनी कॅटरिना वादळ आले, शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. २००६ मध्ये उद्ध्वस्त वस्त्यांतील मंडळांवर मिरवणुकीचे शुल्क अनेक पटींनी लादले गेले. मंडळे न्यायालयात गेली आणि २००७ मध्ये शुल्क खाली आणवले.

हा लढा आपल्याला परका नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉईस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि अमेरिकन कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतील साम्य नोंदवले होते. १९७२ च्या दलित पँथरने तर नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. म्हणून आपल्यापैकी कोणी त्या शहरी गेलाच, तर गळ्यातल्या माळांवर समाधान मानू नये. रविवारी काँगो स्क्वेअरवर घटकाभर उभे राहावे, बँडच्या डब्यात पैसे टाकावेत आणि मिरवणुकीमागे चालावे. कलेचे कौतुक करायचे आणि कलावंताला रस्ता नाकारायचा, ही प्रत्येक विषम व्यवस्थेची जुनी खोड आहे. जे वाजवतात, त्यांचा रस्त्यावरही हक्क आहे.