जॉन डिक्सन : एका स्थलांतरित ऑस्ट्रेलियन चित्रकथाकाराची कारकीर्द आणि पुनरागमन

प्रस्तावना :
चित्रकथा ही मुद्रित माध्यमातील लोकप्रिय कला असली, तरी तिच्या निर्मात्यांच्या जडणघडणीचा अभ्यास तुलनेने कमी झाला आहे. कलावंताची कारकीर्द केवळ प्रतिभेवर अवलंबून नसते. बाजारपेठ, शासकीय धोरण व निर्मितीची पद्धती यांचाही तिच्यावर परिणाम होतो. जॉन डिक्सन (१९२९-२०१५) या ऑस्ट्रेलियन चित्रकथाकाराच्या संदर्भात या संबंधाचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जडणघडण :
डिक्सन यांचा जन्म न्यू साउथ वेल्समधील न्यूकॅसल येथे झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, परकीय चलन वाचवण्यासाठी ऑस्ट्रेलियाने अमेरिकन चित्रकथांच्या आयातीवर निर्बंध घातले. त्यामुळे निर्माण झालेली पोकळी स्थानिक प्रकाशकांनी भरून काढली व अनेक तरुण चित्रकारांना संधी मिळाली. सिडनीत आलेल्या डिक्सन यांनी 'टिम व्हॅलर', 'क्रिमझन कॉमेट' व 'कॅटमॅन' या चित्रकथा याच काळात घडवल्या. पाठीवरचे पंख कपड्यांखाली लपवून वावरणारा 'क्रिमझन कॉमेट' हा त्यांचा नायक विशेष उल्लेखनीय ठरतो. मात्र १९५६ मध्ये दूरचित्रवाणी आली व पुढे आयातीचे निर्बंधही सैल झाले. स्वस्त परदेशी अंकांपुढे स्थानिक चित्रकथा-पुस्तकांचा व्यवसाय टिकू शकला नाही.

'एअर हॉक' :
या परिस्थितीत डिक्सन वृत्तपत्रीय चित्रपट्टीकडे वळले. १९५९ मध्ये 'एअर हॉक अँड द फ्लाइंग डॉक्टर्स' ही रविवारची चित्रपट्टी सुरू झाली. १९६३ पासून ती दैनिक स्वरूपातही येऊ लागली. अ‍ॅलिस स्प्रिंग्ज येथून विमानसेवा चालवणारा जिम हॉक हा तिचा नायक होय. विरळ वस्तीच्या प्रदेशात विमानाने वैद्यकीय मदत पोहोचवण्याचे कार्य ऑस्ट्रेलियात १९२८ मध्ये क्लॉनकरी येथून सुरू झाले होते. या वास्तव सेवेचा आधार असल्यामुळे चित्रपट्टीला अस्सल स्थानिक अधिष्ठान लाभले. विमानांच्या रेखाटनातील अचूकता हे तिचे वैशिष्ट्य होते. हार्ट एमॉस व कीथ चॅटो यांच्यासारख्या चित्रकारांचे साहाय्य लाभले, तरी त्या विश्वाचे कर्तृत्व डिक्सन यांचेच राहिले.

स्थलांतर व पुनरागमन :
१९८६ मध्ये डिक्सन अमेरिकेत गेले आणि 'एअर हॉक'चे पर्व संपले. तेथे त्यांनी संरक्षण व परराष्ट्र व्यवहारविषयक नियतकालिकासाठी कलाविषयक काम केले. १९९० च्या दशकात 'व्हॅलियंट' या प्रकाशनसंस्थेच्या माध्यमातून ते पुन्हा चित्रकथेकडे आले. तथापि, या पुनरागमनाचे स्वरूप वेगळे होते. अमेरिकन अंकनिर्मितीत कथालेखन, पेन्सिल रेखाटन, शाईकाम, रंगकाम व अक्षरलेखन ही कामे सामान्यतः स्वतंत्र व्यक्तींकडे असतात. पात्रांवरील हक्क बहुधा संस्थेकडे राहतात. चार दशकांपूर्वी स्वतःचे नायक निर्माण करणारा कलावंत आता इतरांच्या नायकांना आपले कौशल्य देत होता. १९९४ मध्ये ही संस्था 'अक्लेम' या कंपनीच्या ताब्यात गेली. त्याच सुमारास अमेरिकन चित्रकथांची फुगलेली बाजारपेठही कोसळत होती. बाजारपेठेच्या ज्या अस्थैर्याने डिक्सन यांना सिडनीत वृत्तपत्रांकडे वळवले होते, तेच येथेही त्यांच्यासमोर आले.

निष्कर्ष :
डिक्सन यांच्या कारकिर्दीवरून असे दिसते की, माध्यमाकडे परतणे आणि त्या माध्यमातील पूर्वीचे स्थान परत मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कौशल्य कलावंतासोबत देशांतर करू शकते. परंतु वाचकवर्ग, भूप्रदेशाशी असलेले नाते व निर्मितीवरील अधिकार त्याच्यासोबत सहज जात नाहीत. म्हणून स्थलांतरित कलावंताचे मूल्यमापन करताना त्याने किती काम केले याबरोबरच, ते कोणत्या अधिकाराने केले, याचाही विचार होणे आवश्यक आहे.