भुकटी वाचणारा माणूस

सुताराचं गिरमिट लाकडात फिरत फिरत उतरतं. धुळ्याच्या काळ्या पाषाणात नुसतं फिरून भागत नाही, तिथे ठोकावंच लागतं. बोअरच्या गाडीवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं, म्हणून धुळे तालुक्यातल्या एका शेतात रात्रभर बसलो.

नारळ फुटला, अगरबत्ती लागली, कॉम्प्रेसर सुरू झाला आणि शेजारच्याचं बोलणंही ऐकू येईना. गाडी तामिळनाडूतल्या तिरुचेंगोडची. देशभर फिरणाऱ्या बोअरच्या गाड्यांचं ते माहेरच. रॉडच्या टोकाला हॅमर, त्याला साडेसहा इंची बिट, बिटाच्या तोंडावर टंगस्टन कार्बाइडची बटणं. कॉम्प्रेसरची हवा रॉडमधून खाली जाते, हॅमर चालवते आणि दगडाचा चुरा घेऊन वर येते. रॉड सावकाश फिरतो तो एवढ्यासाठीच, की प्रत्येक घाव नव्या जागी बसावा.

माझी नजर मात्र लिव्हरवरच्या माणसावर खिळली. मराठी त्याला मोडकंतोडकंच येत होतं. दर काही फुटांनी तो उडणारी भुकटी तळहातावर घेई आणि बोटांनी चोळून पाही. राखी असली तर खाली एकसंध बेसाल्ट, पाण्याची आशा कमी. लालसर आली की तो सावध होई. ती दोन लाव्हाथरांमधली भाजकी माती. तिच्या आसपास पाणी लागू शकतं, पण ढासळली तर हॅमर खालीच अडकतो. ठोक्याचा आवाज जरासा बदलला, की त्याचा हात लिव्हरवर हलका होई. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा असा हातावर वाचणारा माणूस मी प्रथमच पाहिला.

तापीच्या उत्तरेला, जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात, या हॅमरचं काही चालत नाही. तिथे शेकडो फूट गाळ. पाडलेलं भोक लगेच ढासळतं. म्हणून तिथे खरोखर गिरमिटासारखं बिट फिरवतात, गढूळ पाणी सोडून भोकाच्या भिंती धरून ठेवतात, मग चिरा पाडलेला पाइप उतरवून भोवती बारीक खडी भरतात. गाळानं पाणी भरभरून दिलं आणि उपसाही तसाच झाला. केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत हे दोन्ही तालुके ‘अतिशोषित’ म्हणून नोंदले गेले आहेत.

धुळ्याचं दुखणं वेगळं. जमिनीत उभ्या शिरलेल्या, बहुतेक पूर्व-पश्चिम धावणाऱ्या दगडी भिंती, म्हणजे डाइक, काही ठिकाणी भूजल अडवून धरतात. मग एका अंगाची विहीर भरलेली आणि दुसऱ्या अंगाची कोरडी. पाणी शोधणाऱ्या पाणाड्याच्या हातातल्या नारळाला ती भिंत कळत नाही. त्या रात्री दोनशे फूट झाले, तरी भुकटी राखीच. मालक म्हणाले, “भाऊ, अजून शंभर जाऊ द्या.” राज्याचा २००९ चा भूजल कायदा ६० मीटरपुढच्या विहिरीला ‘खोल विहीर’ मानतो आणि तिला आळा घालतो. पण उभं पीक वाळताना पाहणाऱ्याला ते कोण सांगणार? तीनशेवरही ओल आली नाही. फुटाच्या दरानं पैसे मोजले गेले, रॉड वर आले, पहाटे गाडी पुढच्या गावाला निघाली.

मागे भोक उरलं. वरची माती धरून ठेवणारा केसिंग पाइप काढून नेला, की भोकाचं तोंड आणखी रुंदावतं. लेकरं अशाच भोकांत पडतात. सोडून दिलेला बोअर माती, वाळू, दगडगोट्यांनी तळापासून तोंडापर्यंत भरावा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली बजावलं आहे. तुमच्या शेतात फेल गेलेला बोअर असेल, तर आजच भरून घ्या.