माऊस सोडा, कंट्रोल + डी धरा

समजा मस्तगडातल्या एका बियाणे दुकानाची वेबसाइट तुम्ही सांभाळताय. खरीप तोंडावर आलाय आणि दुकानदाराचा फोन येतो, "४५० वाल्या सगळ्या पिशव्या ४७५ करा, आत्ताच."

व्हीएस कोडमध्ये (मायक्रोसॉफ्टचं आहे, फुकट मिळतं) कंट्रोल + पी दाबून फाइलचं नाव टाइप करा, फोल्डर धुंडाळत बसू नका. मग ४५० वर नुसता कर्सर ठेवून कंट्रोल + डी दाबा. आधी तो ४५० निवडला जातो, मग दर वेळी पुढचा. सगळे झाले की एकदाच ४७५ टाइप करा. एखादा सोडायचाय? त्यावर आलात की कंट्रोल + के, लगेच कंट्रोल + डी.

कंट्रोल + शिफ्ट + एल सगळे एकदम निवडतं. झटपट आहे, पण भावाच्या कामात मी तरी ते टाळायला सांगेन. माऊसने ४५० निवडून ते दाबलंत, तर १४५० मधलाही ४५० पकडला जातो आणि ती पिशवी १४७५ ची होते. गिऱ्हाईक दुकानात येऊन भांडतं, बोलणी तुम्हाला बसतात.

ओळ वर-खाली सरकवायला ऑल्ट आणि बाण. बाकी यादी कंट्रोल + के, कंट्रोल + एस मध्ये सापडेल. ती पाठ करू नका, या आठवड्यात फक्त कंट्रोल + डी वापरून बघा.