पदवी आणि ओळंबा



घर बांधावयाचें ठरलें म्हणजे नकाशा कोण काढणार आणि खर्च किती येणार, याची चौकशी आपण मोठ्या कसोशीनें करतों. परंतु काँक्रीट कालवतांना त्यांत पाण्याच्या बादल्या कोणी व किती ओतल्या, हें विचारण्याचें आपल्या मनांतहि येत नाहीं. वस्तुतः घराचें आयुष्य नकाशाइतकेंच त्या बादलीवर अवलंबून असतें. स्थापत्यशास्त्राचा विद्यार्थी ही बादली प्रथम केव्हां पाहतो, पदवी मिळाल्यानंतर कीं पदवी मिळवीत असतां, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

पूर्वीं ही विद्या उमेदवारीनेंच मिळत असे. गवंड्याचा मुलगा आधीं घमेलें वाही, मग दगड घडवी, आणि ओळंबा हातीं येण्यास त्याला वर्षें लागत. पुण्यास १८५४ सालीं अभियांत्रिकीचा वर्ग निघाला, तोहि बांधकाम खात्याला हाताखालीं माणसें मिळावींत म्हणूनच. पुढें पदव्या व परीक्षा वाढल्या, आणि वर्ग व काम यांची हळूहळू फारकत झाली. ती मिटविण्यासाठीं १९६१ सालीं शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. १९७३ सालच्या दुरुस्तीनें अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारकहि त्यांत आले. परंतु ही उमेदवारी पदवीच्या नंतरची. इंग्लंडमध्यें २०१५ सालापासून दोन्ही गोष्टी एकत्र गुंफण्यांत आल्या: तेथील विद्यार्थी कामावरचा पगारी नोकर असतो आणि त्याच काळांत पदवीचा अभ्यासहि पुरा करतो. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२० सालीं उमेदवारी अंतर्भूत असलेल्या पदवीसाठीं मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांच्या मागेंहि हाच विचार आहे.

मराठवाड्याला या विचाराची निकड विशेष आहे. नांदेडजवळ विष्णुपुरी येथें श्री गुरु गोबिंद सिंहजींच्या नांवाची अभियांत्रिकी संस्था १९८१ सालीं निघाली. गोदावरीवरील विष्णुपुरीचा बंधारा तेथून जवळच आहे. म्हणजे फळ्यावर जें जलशास्त्र शिकावयाचें, तें बाहेर पडतांच दरवाजांतून वाहतांना दिसतें. लातुरास मात्र भूमीनेंच एक कठोर धडा दिला आहे.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. आदल्या रात्रीं गणपतीचें विसर्जन आटोपून लोक निजले होते. तेथील घरें जाड दगडी भिंतींचीं आणि माळवदाचीं. भिंतीच्या आंतल्या व बाहेरच्या दगडांमध्यें माती भरलेली, दोन्ही बाजूंना आरपार बांधून ठेवणारे दगड थोडे, आणि वर मातीचा जड थर. हजारों माणसें स्वतःच्याच घरांखालीं गाडलीं गेलीं. त्या वेळच्या भूकंप-नकाशांत हा प्रदेश सर्वांत निर्धास्त अशा पहिल्या विभागांत होता. २००२ सालीं तो तिसऱ्या विभागांत घालण्यांत आला. पुनर्वसनांत ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं, आणि इतर अनेक गांवांतील जुनीं घरें मजबूत करण्याचें काम झालें. भिंतींत आरपार सांधे बसविणें, माळवदाची माती कमी करणें, हे उपाय सांगण्यास सोपे. पण ते करावयाचे तर गवंड्याला नवें शास्त्र कळलें पाहिजे आणि अभियंत्याला जुनी भिंत कळली पाहिजे.

आतां उमेदवार प्रत्यक्ष काय शिकतो तें पाहूं. पहिला गुरु काळी माती. पावसाळ्यांत ती फुगते, उन्हाळ्यांत आकसून भेगाळते, आणि तिच्यावर उथळ पाया घातला तर भिंतीहि तडकतात. पाया मुरमापर्यंत पोंचला कीं नाहीं, हें जुना मिस्त्री कुदळीच्या आवाजावरून ओळखतो. तो आवाज कोणत्याहि ग्रंथांत छापलेला नाहीं. दुसरा गुरु सळई. खांबांतील रिंगांचीं टोकें भूकंपाच्या दृष्टीनें १३५ अंशांत आंत वळवावयाचीं असतात. तीं ९० अंशांतच सोडलीं तर काम लवकर उरकतें, आणि काँक्रीट ओतल्यावर कोणाला दिसतहि नाहीं. परंतु जोराचा हादरा बसला म्हणजे तीच रिंग उघडते.

तिसरा आणि सर्वांत कडक गुरु पाणी. काँक्रीट सहज पसरावें म्हणून मजूर एक बादली अधिक ओततो. सिमेंटला न लागणारें तें पाणी पुढें उडून जातें, मागें सूक्ष्म छिद्रें ठेवतें, आणि काँक्रीट दुबळें होतें. उलट, घट्ट झाल्यावर त्यालाच पाणी हवें असतें: उष्ण व कोरड्या हवेंत निदान १० दिवस तें ओलें ठेवावें असा दंडक आहे. ज्या लातुरास एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें, तेथें हा दंडक पाळणें म्हणजे काय, याची कल्पना करावी. ओलीं पोतीं घालून थोड्या पाण्यांत काम कसें भागवावें, हें अशा गांवींच शिकतां येतें.

काँक्रीटची परीक्षा घेण्यासाठीं १५ सेंटिमीटरचे घन पाडतात व २८ दिवसांनीं यंत्रांत दाबून पाहतात. म्हणजे निकाल येतो तेव्हां वरचा मजलाहि कधीं कधीं चढलेला असतो. म्हणून खरी परीक्षा बादली उचलली जाते त्या क्षणीं होते. तेथें वीस वर्षांचा विद्यार्थी उभा असतो आणि समोर त्याच्या दुप्पट वयाचा मिस्त्री. "मिस्त्री, हें पाणी नको," एवढें नम्रपणें पण ठामपणें म्हणण्याचें धैर्य प्रश्नपत्रिकेंतून येत नाहीं. आणि मिस्त्रीपासून रोज कांहीं शिकणाऱ्याच्या तोंडींच तें शोभतें.

आईबापांच्या मनांत एक शंका असते: मुलाला, किंवा मुलीला, उन्हातान्हांत राबविण्यासाठींच कां पदवीला घातलें? शंका अगदींच निराधार नाहीं. स्वस्त मजूर म्हणून उमेदवार राबविला जाण्याचा धोका असतोच. म्हणून करारपत्र रीतसर नोंदलेलें आहे ना, विद्यावेतन ठरलें आहे ना, शिकविणारा जाणता माणूस नेमला आहे ना, हें आधीं पाहावें. कायद्यानें उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे. तरी त्याच्या सुरक्षिततेची आणि अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी धन्यावरच आहे. मात्र मुदत संपल्यावर नोकरी मिळेलच अशी हमी कायदा देत नाहीं, हेंहि जाणून असावें.

इतकें पाहून घेतल्यावर मुलांना खुशाल बांधकामावर पाठवावें. पहिले कांहीं महिने तीं धुळीनें माखून घरीं येतील, आणि जेवतांना खडी, वाळू व सेंट्रिंग यांखेरीज दुसरें बोलणार नाहींत. तें ऐकून घ्यावें. उद्यां ज्या छपराखालीं कोणाचीं तरी लेकरें निर्धास्त निजावयाचीं आहेत, त्याचीच ती पूर्वतयारी असते.