सांध्यात उतरलेला वाडा : आमवातात पेशी येतात कशा आणि परत का जात नाहीत?

(आटपाडी येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आज विषय सांध्यांचा आहे, पण सुरुवात आम्ही मेंढरांपासून करणार आहोत. आटपाडीत मेंढरांचा दाखला द्यायचा नाही, तर कुठं द्यायचा?

पाऊसकाळ सरला, माळावरचा चारा संपत आला, की आपल्या माणदेशातली धनगर मंडळी वाडा घेऊन बाहेर पडतात. वाटेत एखादा शेतकरी म्हणतो, "दोन राती मेंढरं बसवा आमच्या रानात." लेंडीखत मिळतं, रानाचा कस वाढतो. त्याबदल्यात तो धान्य देतो किंवा पैसे देतो. दोन राती झाल्या की वाडा उठतो. हा सगळा व्यवहार एकाच गोष्टीवर चालतो : बोलावलं की यायचं आणि काम झालं की उठायचं.

आता समजा, वाडा उठलाच नाही. रोज नवी मेंढरं येऊन मिळताहेत आणि रानात उभं पीक आहे. काय होईल? मेंढरांचा त्यात दोष नाही, पण पीक राहणार नाही.

आमवातात सांध्याचं असंच होतं. येणाऱ्या पेशी आपल्याच असतात, एरवी आपल्याला वाचवणाऱ्या असतात. त्यांना कोण बोलावतं, त्या कशा येतात, परत का जात नाहीत आणि त्यांना थांबवता येतं का, एवढंच आज बघू.

आधी नावाचा घोळ सोडवू

आपल्याकडं सांधा दुखला की "वात आहे" म्हणून मोकळं होतात. पण संधिवात हा एक आजार नाही, ते आडनाव आहे. त्या घरात बरीच माणसं राहतात. त्यातली दोन ओळखून ठेवा.

पहिला झिजेचा संधिवात. वय वाढतं, वजन वाढतं, गुडघ्यातली कूर्चा झिजते. चाललं की दुखतं, बसलं की बरं वाटतं.

दुसरा आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. याचं गणित उलटं. रात्रभर विश्रांती घेतली तरी सकाळी मूठ मिटत नाही. तासभर बोटं ताठ राहतात. भाकरी थापता येत नाही, डाळिंबाच्या छाटणीची कात्री दाबता येत नाही. हालचाल केली की हळूहळू सैल होतं. तो तिशी-चाळिशीतही येतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन ते तीन पट जास्त होतो.

हा शहरातला आजार आहे, असं कुणी म्हणेल. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन पाहणी सुरू केली. कॉपकॉर्ड नावाच्या जागतिक उपक्रमाचा तो भाग होता आणि त्यामागं जागतिक आरोग्य संघटनाही होती. ४,०९२ प्रौढ माणसं तपासली. त्यातल्या सुमारे १८ टक्के लोकांना हाडं-सांधे-स्नायूंचं काही ना काही दुखणं होतं. आमवात निघाला साधारण ०.५ टक्के लोकांत. म्हणजे हजार प्रौढांमागं पाच. आकडा लहान वाटतो, पण प्रत्येक मोठ्या गावात अशी माणसं असणार आणि त्यातली बरीच "वात आहे" म्हणून घरीच बसलेली असणार.

पेशी चालतात, हे कळलं कसं?

१८६७ साली युलियस कोनहाइम या जर्मन शास्त्रज्ञानं बेडकाच्या शरीरातला पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखाली ताणून ठेवला आणि त्याचा दाह होऊ दिला. रक्तवाहिनीतल्या पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटल्या आणि बघता बघता भिंतीतून बाहेर पडल्या. पुढं १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथं एली मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात काटा टोचून ठेवला. सकाळी बघतात तर काट्याभोवती पेशींचा गराडा! रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामाबद्दल त्यांना १९०८ चं नोबेल मिळालं.

म्हणजे बाभळीचा काटा मोडल्यावर तळपाय सुजतो, लाल होतो, ठणकतो, ती पेशी आल्याची खूण असते. तो दाह गरजेचा आहे. काटा निघाला की तो शमतो.

रक्तातून सांध्यापर्यंत

रक्त वेगानं वाहत असतं. त्यातून नेमक्या जागी उतरायचं म्हणजे धावत्या एसटीतून उतरण्यासारखं आहे. त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत.

पहिली पायरी, वेग कमी करणं. सांध्यात गडबड झाली की तिथल्या पेशी टीएनएफ आणि इंटरल्यूकिन नावाची रसायनं सोडतात. त्यांच्यामुळं जवळच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला सिलेक्टिन नावाची प्रथिनं उगवतात. वाहणारी पांढरी पेशी त्यांना अडखळते आणि भिंतीवरून चेंडूसारखी गडगडू लागते.

दुसरी पायरी, घट्ट धरणं. भिंतीवर केमोकाइन नावाचे रासायनिक निरोप लावलेले असतात. तो निरोप मिळाला की पेशीच्या अंगावरची इंटिग्रिन नावाची प्रथिनं ताठ होतात आणि ती भिंतीला पक्की चिकटते.

तिसरी पायरी, बाहेर निसटणं. पेशी चपटी होते, अंग चोरते आणि भिंतीतल्या दोन पेशींच्या फटीतून काही मिनिटांत पलीकडं जाते.

चौथी पायरी, वासावर चालणं. केमोकाइनचा वास जिकडं दाट, तिकडं ती सरकत राहते. वेग मिनिटाला साधारण १० मायक्रोमीटर. म्हणजे एक मिलिमीटर जायला दीड-दोन तास! पण संख्या प्रचंड असते. निरोगी गुडघ्यातल्या वंगणात एका घन मिलिमीटरमध्ये २०० पेक्षा कमी पेशी असतात. आमवातानं सुजलेल्या गुडघ्यात त्या काही हजारांपासून ५०,००० पर्यंत जातात.

पण काटा कुठं आहे?

खरी अडचण इथं आहे. आमवातात सांध्यात काटा नसतो. रोगप्रतिकारयंत्रणा आपल्याच शरीरातल्या काही बदललेल्या प्रथिनांना परकं समजते. त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं अनेकांच्या रक्तात सांधा सुजायच्या कितीतरी वर्षं आधीपासून सापडतात. काही माणसांत हा धोका जन्मतः थोडा जास्त असतो आणि विडी-सिगारेट तो वाढवते.

काटाच नाही, तर तो निघणार कसा? आलेल्या पेशी पुन्हा टीएनएफ आणि केमोकाइन सोडतात, त्या वासावर आणखी पेशी येतात. शिवाय परतीची वाट अडते. एरवी न्यूट्रोफिल नावाच्या पेशी काम झालं की मरतात आणि मॅक्रोफेज नावाच्या पेशी त्यांना गिळून जागा साफ करतात. लिम्फोसाइट लसिकावाहिन्यांतून परत जातात. आमवातात न्यूट्रोफिल जास्त काळ तग धरतात आणि सांध्याच्या अस्तरातल्या पेशी असे निरोप सोडत राहतात की लिम्फोसाइट तिथंच मुक्काम ठोकतात. थोडक्यात, वाडा उठत नाही.

घरचेच कुंपण ओलांडतात

इथपर्यंत बाहेरून आलेल्यांची गोष्ट झाली. आता घरच्यांची.

सांध्याच्या आतून सायनोव्हियम नावाचं नाजूक अस्तर असतं, जेमतेम एक-दोन पेशींच्या थराचं. त्याचं काम वंगण तयार करणं. दाह चालूच राहिला की हे अस्तर दहा-दहा थरांचं जाड होतं, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात. मग त्यातल्या फायब्रोब्लास्ट पेशी आपली जागा सोडून कूर्चेवर सरकू लागतात. सरकताना कूर्चा विरघळवणारी विकरं सोडतात. या सरकत्या थराला पॅनस म्हणतात. बांधावरची हरळी रानात शिरावी, तसा तो कडेनं आत येतो.

तिसरी टोळी हाडाची. रक्तातून आलेल्या मोनोसाइट पेशींपैकी काहींना इथं असा निरोप मिळतो की त्या एकत्र येऊन हाड खाणाऱ्या पेशी बनतात. त्यांना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. हाडाच्या कडेला खाचा पडतात. एक्स-रेमध्ये डॉक्टर बघतात, त्या याच.

आता एक प्रश्न बघा. एका मनगटातला आजार दुसऱ्या हाताला कसा पोहोचतो? २००९ साली जर्मन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. आमवाताच्या रुग्णांच्या अस्तरातल्या फायब्रोब्लास्ट पेशी आणि निरोगी मानवी कूर्चा त्यांनी उंदराच्या एका कुशीत बसवली. दुसऱ्या कुशीत नुसती कूर्चा ठेवली. त्या पेशी रक्तातून प्रवास करून दुसऱ्या बाजूच्या कूर्चेपर्यंत गेल्या आणि तीही कुरतडू लागल्या. माणसात आजार पसरतो, त्याचं हे एकच कारण आहे असं नाही, पण अस्तरातल्या पेशीही गाव सोडू शकतात, हे त्यातून दिसलं.

दुखणं वेगळं, नुकसान वेगळं

या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय, तर हा. वेदनाशामक गोळी दुखणं कमी करते. पेशींचं येणं आणि कूर्चेचं खाल्लं जाणं ती थांबवत नाही. "इंजेक्शन घेतलं की आठ दिवस बरं वाटतं" असं म्हणत वर्ष निघून जातं आणि आत हाडाला खाचा पडत राहतात. त्या इंजेक्शनात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. जाणत्या डॉक्टरांच्या हातात, थोड्या दिवसांसाठी, ते उपयोगी औषध आहे. पण देखरेखीशिवाय महिनोन्‌महिने घेतलं, तर हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, जंतुसंसर्ग बळावतो. आणि गेलेली कूर्चा परत उगवत नाही.

येणं थांबवणारी औषधं आहेत. त्यातलं एक जुनं आणि स्वस्त औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. याच्या जन्मकथेत आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेचा मोठा वाटा आहे. कर्करोगात ते मोठ्या मात्रेत देतात, आमवातात अगदी कमी मात्रेत. त्यामुळं ॲडिनोसिन नावाचं द्रव्य वाढतं आणि दाह शमतो, असं मानलं जातं. एक गोष्ट मात्र घरी जाऊन सगळ्यांना सांगा : आमवातात हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जिवावर बेततं. रक्ताच्या तपासण्या कराव्या लागतात आणि गरोदरपणात ते चालत नाही.

दुसरी वाट टीएनएफ अडवण्याची. रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी १९९२ मध्ये लंडनला पहिल्यांदा रुग्णांवर ती वापरली. पुढं त्यांच्याच गटानं रुग्णांच्या पांढऱ्या पेशींना किरणोत्सारी खूण लावून त्या कुठं जातात ते पाहिलं. औषधानंतर सांध्यात जाणाऱ्या पेशी लक्षणीय घटल्या होत्या.

पण याची दुसरी बाजूही ऐका. क्षयाचे जंतू आपल्यापैकी अनेकांच्या शरीरात निद्रिस्त असतात, कारण पेशींनी त्यांच्याभोवती कडं करून त्यांना कोंडलेलं असतं. टीएनएफ अडवलं की ते कडं सुटू शकतं. म्हणून हे औषध देण्याआधी क्षयाची तपासणी करतात. एकाच सवयीनं, म्हणजे पेशींनी जमून राहण्यानं, एका जागी आपण वाचतो आणि दुसऱ्या जागी सांधा गमावतो.

मग एखादा केमोकाइनच बंद का करत नाही? तेही करून पाहिलं. अशी बरीच औषधं चाचण्यांत अपुरी पडली. पेशींना एकच वाट नसते. एक निरोप अडवला तर त्या दुसऱ्यावर चालतात.

व्याख्यानानंतरचे दोन प्रश्न

*चिकुनगुनियानंतर सांधे महिनोन्‌महिने दुखतात. तोही आमवातच का?*

नाही. पण वाट बरीचशी तीच. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला, १९७३ मध्ये चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती आणि २००६ मध्ये तर राज्यभर आली. त्यात विषाणू हा खरा काटा असतो. त्याच्यामागं मोनोसाइट सांध्यात जातात. बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतं. काहींचं रेंगाळतं. तीन महिन्यांनंतरही सूज असेल तर तपासून घ्या.

*आम्हाला घरच्या घरी कळणार कसं?*

तीन गोष्टी बघा. सकाळचा ताठरपणा अर्धा तास, तासभर टिकतो का? बोटांच्या मुळाचे सांधे, मनगटं किंवा पायाची बोटं सुजलीत का? बांगड्या चढेनात, जोडवी रुतायला लागली, हीसुद्धा खूण आहे. आणि हात मिळवताना पंजा दाबला गेला तर कळ येते का? असं सहा आठवडे चाललं असेल तर वाट बघू नका. संधिवाततज्ज्ञांकडं, ते जवळ नसतील तर एमडी डॉक्टरांकडं जा. सूज आल्यापासून तीन महिन्यांच्या आत योग्य औषध सुरू झालं, तर सांधे वाचण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. उशीर झाला असेल तरीही जा. राहिलेले सांधे वाचवायचे असतातच.

आज इथून गेल्यावर एवढं करा. घरात, शेजारी, मजुरीला बरोबर येणाऱ्या बायकांत जिची मूठ सकाळी मिटत नाही, तिला विचारा : "किती दिवस झाले गं?"