कोल्हा, खोकड आणि परसू : नामभेदाचा एक व्यावहारिक विचार

प्राण्यांच्या नांवांचा अभ्यास हा केवळ कोशकारांच्या आवडीचा विषय आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. परंतु एकाच नांवानें दोन भिन्न प्राणी ओळखले जाऊं लागले, कीं त्या घोटाळ्याची झळ गोठा, खुराडें आणि परसू यांनाहि पोंचते. ‘कोल्हा’ हा शब्द याचें उत्तम उदाहरण होय.

भोर व वेल्हे हा पुणे जिल्ह्याचा नैर्ऋत्य भाग. पश्चिमेस तोरणा-राजगडाचे डोंगर, रान आणि भरपूर पाऊस. पूर्वेस पुणे-सातारा रस्त्याच्या बाजूनें उघडा माळ. नीरा, वेळवंडी, गुंजवणी व कानंदी या नद्यांच्या खोऱ्यांत वस्ती, भातखाचरें आणि रान हीं एकमेकांस लागूनच आहेत. अशा ठिकाणीं रात्रीं परसांत एखादें जनावर येऊन जातें, दावणीजवळचें कुत्रें भुंकत राहतें, सकाळीं एक कोंबडी कमी भरते, आणि घरांत ‘कोल्हा आला होता’ एवढाच निर्णय दिला जातो. हा कोल्हा नेमका कोण, हें ठरल्यावांचून पुढील उपायहि ठरत नाहीं.

मराठींत ‘कोल्हा’ हें नांव मूळचें शृगालाचें, म्हणजे जंबुकाचें आहे. संस्कृतांत याच प्राण्यास ‘क्रोष्टु’ असेंहि म्हणतात. तो शब्द ‘क्रुश्’ म्हणजे ओरडणें या धातूपासून बनलेला असून मराठी ‘कोल्हा’ याचा संबंध त्याच्याशींच जोडला जातो. या शब्दाच्या अनियमित रूपांसाठीं पाणिनीस स्वतंत्र सूत्र रचावें लागलें, इतका तो भाषेंत रुळलेला होता. ओरडणें हेंच ज्याचें लक्षण, त्याचें नांव ‘ओरडणारा’. आणि ‘कोल्हेकुई’ या शब्दानें तें लक्षण आजहि जपून ठेविलें आहे.

‘खोकड’ हा प्राणी निराळा. वैदिक भाषेंतील ‘लोपाश’ हा शब्द या जातीच्या प्राण्याचा वाचक मानला जातो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अठ्ठाविसाव्या सूक्तांत एकाच ऋचेंत लोपाश आणि क्रोष्टा हे दोघेहि येतात. म्हणजे हा भेद प्राचीनांस ठाऊक होता. तो पुसट झाला तो मुख्यतः भाषांतरांत. पंचतंत्रांतील करटक व दमनक हे खरे कोल्हे होते. परंतु इसापाच्या कथेंत द्राक्षांस आंबट ठरविणारा प्राणी खोकडाच्या जातीचा असूनहि मराठींत तोहि कोल्हाच झाला. दोघांचा धूर्तपणा एका नांवाखालीं आला, आणि वाचकाच्या मनांत दोन देहांची एकच आकृति तयार झाली.

कथेपुरता हा घोटाळा निरुपद्रवी होय. व्यवहारांत तो तसा राहत नाहीं. इंग्लंडमधील शहरांच्या उपनगरांत तांबड्या खोकडानें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतच बस्तान बसविलें. तो बागेंत आल्यास काय करावें, याविषयीं तेथें पुष्कळ लिहिलें गेलें आहे. तो सल्ला ‘कोल्हा’ या नांवाखालीं मराठींत उतरला, तर दोन ठिकाणीं फसगत होते. पहिली आकारासंबंधीं. तेथील खोकड साधारणतः पांच ते सात किलोचा असतो. आपल्याकडील खोकड त्याहून लहान, सुमारें दोन ते चार किलोचा. तर कोल्हा बहुधा सात ते अकरा किलोचा भरतो. खोकड उंदीर, टोळ, सरडे व फळें यांवर निर्वाह करतो. कोल्हाहि सर्वभक्षी आहे; ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण त्याची साक्ष देते. परंतु कोंबडी, मांजर किंवा लहान करडूं नेण्याचें बळ त्याच्या अंगीं असतें.

दुसरी फसगत अधिक गंभीर आहे. ब्रिटनमधील रानांत वा बागेंत फिरणाऱ्या खोकडांत अलर्क रोग आढळत नाहीं. त्यामुळें तेथील लेखक त्या भयाचा उल्लेखहि करीत नाहींत. आपल्याकडे स्थिति तशी नाहीं. पिसाळणाऱ्या जनावरांचें वर्णन करितांना सुश्रुतानें कुत्र्याच्या पाठोपाठ शृगालाचेंच नांव घेतलें आहे. मुंबईच्या चेंबूर-ट्रॉम्बे भागांत २०२४ सालीं कांहीं कोल्ह्यांस हा रोग झाल्याचें तपासणींत आढळलें. यास्तव भाषांतरांतील एक शब्द येथें जीवनमरणाचा प्रश्न होऊं शकतो.

ओळख कशी पटवावी? शेपटीचें टोक काळें असणें ही खूण पुरेशी नाहीं, कारण ती दोघांतहि आढळते. खोकडाचे कान देहाच्या मानानें मोठे, पाय बारीक आणि शेपूट झुबकेदार व धडाच्या निम्म्याहून अधिक लांब असतें. कोल्हा कुत्र्याएवढा दिसतो. त्याचें शेपूट आंखूड असतें. सांजवेळीं अनेक कंठांतून एकदम उठणारी कुई कोल्ह्याचीच. स्थळहि साक्ष देतें : खोकडास कोरडा, मोकळा माळ मानवतो; दाट रान व अतिवृष्टि तो टाळतो. म्हणून वेल्ह्याच्या डोंगराळ वाडींत आलेला पाहुणा बहुधा कोल्हाच असतो; भोरच्या पूर्वेकडील माळावर मात्र दोन्ही शक्यता ध्यानांत ठेवाव्या लागतात.

उपाय साधे आहेत. उष्टें-खरकटें व मेलेलीं कोंबडीं उघड्या उकिरड्यावर टाकूं नयेत. कुत्र्या-मांजरांचें अन्न रात्रीं बाहेर ठेवूं नये. खुराड्यास बारीक व मजबूत जाळी लावून तिची खालची कड हातभर जमिनींत पुरावी, कारण हे प्राणी उकरून आंत शिरतात. मांजर व लहान पिलें रात्रीं घरांत घ्यावीं. पाळीव कुत्र्यास दरवर्षीं प्रतिबंधक लस टोंचून घ्यावी. कुत्र्यांमधील अन्य सांथीचे रोग रानांतील जनावरांस लागतात, तेव्हां ही लस उभयपक्षीं हितकर ठरते. आलेल्या जनावरास कोपऱ्यांत कोंडूं नये. त्यास पळण्यास वाट ठेवावी. विष घालणें हें तर सर्वथा वर्ज्य : त्यानें घरचेंच कुत्रें मरतें, आणि कोल्हा व खोकड हे दोघेहि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये संरक्षित आहेत.

जनावर दिवसाढवळ्या झोकांड्या खात फिरत असेल, अथवा माणसाच्या अंगावर येत असेल, तर त्याच्याजवळ न जातां वनरक्षकास कळवावें. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. हळद, चुना वा मंत्र यांवर विसंबूं नये. रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं, कीं उपचाराचा उपयोग बहुधा होत नाहीं.

वनरक्षकास निरोप देतांना ‘कोल्हा’ एवढेंच सांगून थांबूं नये. आकार, कान, शेपूट, चाल आणि आवाज यांचें वर्णन करावें. बोलीनें हे दोन प्राणी दोन नांवांनीं वेगळे राखले होते. तीं नांवें आपापल्या जागीं वापरणें, ही परसाच्या राखणीची पहिली पायरी होय.